बहुपट्टी बिनतारी संच : सोय, शिस्त आणि अधिकार

आषाढी एकादशीच्या दिवशी पंढरपुरात बंदोबस्तावर उभ्या असलेल्या पोलीस शिपायाजवळचा बिनतारी संच क्षणभरही शांत नसतो. कोठे गर्दी दाटली, कोठे एखादे मूल चुकले, कोणत्या रस्त्याने रुग्णवाहिका निघाली, अशा संदेशांमागून संदेश येत असतात. जवळून जाणाऱ्या वारकऱ्यास तो सारा खरखरता गोंगाट वाटतो. प्रत्यक्षात त्या गोंगाटामागे एक कडक शिस्त असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलावयाचे आणि इतरांनी थांबावयाचे, ही ती शिस्त होय.

तथापि संचांची संख्या शेकड्यांनी वाढली आणि वाहिन्या मात्र मोजक्याच राहिल्या, तर ही शिस्त केवळ माणसांच्या संयमावर टिकत नाही. ती यंत्राकडे सोपवावी लागते. या गरजेतून जगभर ‘ट्रंक’ पद्धतीची बिनतारी यंत्रणा उदयास आली. तिच्याबरोबर अनेक कंप्रतापट्ट्यांवर चालणारे बहुपट्टी संचही आले. हे संच आता नव्या-जुन्या बाजारात दिसू लागले असल्याने ते कोणी बाळगावेत, त्यांत माहिती कोणी भरावी आणि त्यांतून दुसऱ्याचे संभाषण ऐकणे कितपत योग्य, हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे राहिलेले नाहीत. आपत्तीच्या वेळी गाव सांभाळणाऱ्या प्रत्येकाशी त्यांचा संबंध पोहोचतो.

ट्रंक कॉलमधील ‘ट्रंक’

‘ट्रंक’ हा शब्द मराठी वाचकास नवा नाही. पुण्याहून नागपूरला दूरध्वनी करावयाचा तर पूर्वी ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. प्रत्येक ग्राहकाच्या घरापासून दूरध्वनी केंद्रापर्यंत त्याची स्वतंत्र तार असे. परंतु दोन शहरांना जोडणाऱ्या तारा थोड्या असत आणि त्या सर्व ग्राहकांना मिळून वापराव्या लागत. या सामाईक तारा म्हणजेच ‘ट्रंक’. ज्याची पाळी आली त्यास मोकळी असलेली तार जोडून द्यावयाची आणि त्याचे बोलणे संपताच ती दुसऱ्यास द्यावयाची, हे तत्त्व बिनतारी यंत्रणेने जसेच्या तसे उचलले.

या तत्त्वाचा लाभ गणिताने दाखवून देणारा शास्त्रज्ञ म्हणजे कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत काम करणारा आग्नेर क्रारुप एर्लांग. १९०९ साली त्याने या विषयावरील आपला पहिला महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला आणि १९१७ साली आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. दूरध्वनीवरील भाराचे एकक आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

एर्लांगचे सूत्र एका साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. समजा, पाच खात्यांना प्रत्येकी एक स्वतंत्र वाहिनी दिली आहे आणि प्रत्येक वाहिनीवर तासातून अर्धा तास पुरेल इतक्या बोलण्याची मागणी आहे. या सूत्रानुसार शंभर वेळा प्रयत्न केला असता सुमारे ३३ वेळा वाहिनी अडलेली आढळेल. आता त्याच पाच वाहिन्या पाचही खात्यांना सामाईक दिल्या, तर मागणी तेवढीच असूनही ही अडचण शंभरात सुमारे सात वेळाच येईल. त्याच प्रमाणात मागणी असलेल्या वीस वाहिन्या एकत्र केल्या, तर हजारात केवळ दोन वेळा नकार मिळेल. एकही नवी वाहिनी न देता, केवळ वाटपाची रीत बदलल्याने हा फरक पडतो. रेल्वे स्थानकावर प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग लावण्याऐवजी एकच रांग लावून, जी खिडकी मोकळी होईल तेथे पुढच्या माणसास पाठवावे, तसेच हे आहे.

नियंत्रण वाहिनीचे कार्य

ट्रंक यंत्रणेत उपलब्ध वाहिन्यांपैकी एक वाहिनी बोलण्यासाठी न वापरता कारभारासाठी राखून ठेवलेली असते. तिला नियंत्रण वाहिनी म्हणतात. यंत्रणेतील सर्व संच स्वस्थ असताना याच वाहिनीकडे कान लावून बसतात. शिपायाने किंवा अग्निशामकाने संचावरील कळ दाबली की, त्याचा संच या वाहिनीवर स्वतःचा क्रमांक आणि आपल्या संभाषण-गटाचा क्रमांक सांकेतिक रूपात पाठवितो. मध्यवर्ती संगणक मोकळी वाहिनी शोधून त्या गटातील सर्व संचांना तिकडे वळण्याचा आदेश देतो. हे सर्व सेकंदाच्या अंशात घडते. बोलणे संपताच सर्व संच पुन्हा नियंत्रण वाहिनीवर परततात आणि वापरलेली वाहिनी दुसऱ्या गटास मिळते.

सर्व वाहिन्या व्यग्र असल्यास मागणी रांगेत ठेवली जाते. रांगेतही सर्वजण समान नसतात. संकटाची कळ दाबणाऱ्या कर्मचाऱ्यास यंत्रणा अग्रक्रम देते.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने यात एक व्यावहारिक बारकावा आहे. कळ दाबताक्षणीच बोलू लागल्यास वाहिनी मिळण्यापूर्वीचे शब्द हवेतच विरतात. म्हणून संचातून परवानगीचा सूचक ध्वनी येईपर्यंत थांबावे लागते. ‘जुन्या पुलावरून जाऊ नका’ या संदेशातील ‘जुन्या’ हा एकच शब्द गळाला, तर ऐकणाऱ्याने कोणत्या पुलाचा बोध घ्यावा? यंत्र कितीही सूक्ष्म असले तरी माणसाचा एका क्षणाचा धीर त्याला लागतोच.

एकाहून अधिक पट्ट्या कशासाठी?

बिनतारी लहरींची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांची संख्या, जसजशी बदलते तसतसा त्यांचा स्वभाव बदलतो. १५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी उघड्या व डोंगराळ मुलखात तुलनेने दूरवर पोहोचतात. ४५० मेगाहर्ट्झच्या लहरी शहरातील इमारतींतून अधिक सहज वाट काढतात. ८०० मेगाहर्ट्झच्या पट्टीत अधिक वाहिन्या मिळू शकतात. पण तेवढाच प्रदेश व्यापण्यासाठी मनोरे अधिक उभारावे लागतात. अँटेनाची लांबीही कंप्रतेवर अवलंबून असते. लहरीच्या लांबीच्या एक-चतुर्थांश लांबीची अँटेना घ्यावयाची तर १५० मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ५० सेंटिमीटर, ४५० साठी १७ आणि ८५० साठी सुमारे ९ सेंटिमीटर भरते. सर्व पट्ट्यांवर चालणाऱ्या संचाची एकच आखूड अँटेना ही साहजिकच तडजोड असते.

अमेरिकेत पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय सेवा स्थानिक संस्थांच्या अखत्यारीत असल्याने शेजारी-शेजारी असलेल्या यंत्रणांनी वेगवेगळ्या पट्ट्या स्वीकारल्या. याची किंमत संकटकाळी मोजावी लागली. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टन येथे एक प्रवासी विमान पुलावर आदळून गोठलेल्या पोटोमॅक नदीत कोसळले आणि ७८ माणसे मृत्युमुखी पडली. मदतीस धावलेल्या निरनिराळ्या पथकांना परस्परांशी बोलता येईना. या अनुभवानंतर त्या परिसरातील संस्थांनी परस्पर संदेशवहनाचे करार केले.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये याहून भीषण प्रसंग ओढवला. जागतिक व्यापार केंद्राचा दक्षिण मनोरा सकाळी ९ वाजून ५९ मिनिटांनी कोसळला. त्यानंतर पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून उत्तर मनोऱ्याच्या धोक्याचा इशारा दिला गेला, तो पोलिसांच्या वाहिनीवर. अग्निशमन दलाचे संच वेगळ्या वाहिन्यांवर होते. त्यांच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी दिलेला माघारीचा आदेशही अनेकांपर्यंत पोहोचला नाही. १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोरा कोसळला. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण कामी आले. सर्वच मृत्यूंचे कारण बिनतारी यंत्रणेतील दोष होते असे म्हणता येणार नाही. परंतु चौकशी आयोगाने २००४ सालच्या अहवालात संदेशवहनातील उणिवांची गंभीर दखल घेतली.

वेगवेगळ्या यंत्रणांच्या संचांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी ‘प्रोजेक्ट २५’ या समान मानकाचे काम अमेरिकेत १९८९ पासूनच सुरू झाले होते. युरोपात १९९० च्या दशकात ‘टेट्रा’ हे मानक तयार झाले. भारतात दिल्ली मेट्रोने टेट्राचा अवलंब केला, तसेच २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या वेळी दिल्लीत याच पद्धतीची यंत्रणा उभारण्यात आली. १५०, ४५०, ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या सर्व पट्ट्या एकाच हातसंचात सामावणारे महागडे बहुपट्टी संच अमेरिकेत २००१ नंतरच्या दशकात सेवेत आले.

संचात काय भरले जाते?

असा संच विकत घेतला म्हणजे तो लगेच बोलू लागत नाही. त्यात संगणकाच्या साहाय्याने माहिती भरावी लागते. यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात. यंत्रणेचा क्रमांक, नियंत्रण वाहिन्यांच्या कंप्रता, संभाषण-गटांचे क्रमांक, आणि संदेश सांकेतिक असल्यास त्याची गुप्त किल्ली, हे सर्व त्यात यावे लागते. याखेरीज प्रत्येक संचास यंत्रणेच्या चालकाने दिलेला स्वतंत्र क्रमांक असतो. अनेक यंत्रणांत हे भरण्यासाठी चालकाकडील एक विशेष ‘यंत्रणा-किल्ली’ लागते. ती नसल्यास प्रोग्रॅमिंगची प्रणाली पुढचे काम करू देत नाही. किल्ली देण्याचा अधिकार चालकाने स्वतःकडे ठेवावा हा यामागील हेतू होय.

येथेच हौशी माणसाची फसगत होण्याचा संभव असतो. अमेरिकेत जुने संच विकत घेऊन त्यांवर सार्वजनिक सेवांची संभाषणे ऐकण्याचा छंद अनेकांना आहे. या छंदासाठी ‘स्कॅनर’ नावाचा केवळ ऐकणारा संच पूर्वापार मिळतो. तो बोलू शकत नाही, म्हणून त्याच्याकडून यंत्रणेस उपद्रवही होत नाही. दुहेरी संचाचे तसे नाही. ट्रंक यंत्रणेसाठी भरलेला दुहेरी संच चालू होताच, मालकाने कळ दाबली नाही तरी, आपण होऊन नियंत्रण वाहिनीवर हजेरी नोंदवितो. मालक समजतो की आपण मुकाट्याने ऐकत आहोत. यंत्र मात्र त्याच्या नकळत बोललेले असते.

त्याने भरलेला क्रमांक एखाद्या खऱ्या कर्मचाऱ्याच्या संचाचा असेल तर स्थिती अधिकच बिकट होते. एकाच क्रमांकाचे दोन संच दोन ठिकाणी नोंदले गेल्याने यंत्रणा गोंधळते आणि खऱ्या संचाकडे जावयाचा संदेश चुकू शकतो. त्याने संकटाची कळ दाबली, तर ती कोणी व कोठून दाबली याविषयी संभ्रम निर्माण होतो. संशयित संच दुरूनच निकामी करण्याची सोय अनेक यंत्रणांत असते; पण दोघांचा क्रमांक एकच असेल तर त्या आदेशाचा फटका खऱ्या कर्मचाऱ्यासही बसू शकतो. म्हणूनच जाणते छंदिष्ट संचातील प्रक्षेपण आणि नोंदणी या दोन्ही गोष्टी बंद ठेवून तो निव्वळ ग्राही बनवितात, किंवा सरळ स्कॅनरच वापरतात.

ऐकण्याचा हक्क आणि त्याची मर्यादा

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार पोलीस व अग्निशमन सेवांची उघड, म्हणजे सांकेतिक नसलेली, संभाषणे ऐकण्यास सामान्यतः मुभा आहे. त्यालाही मर्यादा आहेत. १९३४ च्या संदेशवहन कायद्याने असे संदेश उघड करण्यावर व स्वतःच्या लाभासाठी वापरण्यावर निर्बंध घातले. मोबाईल दूरध्वनीची संभाषणे ऐकू शकणाऱ्या स्कॅनरच्या निर्मितीवर १९९० च्या दशकात बंदी आली. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या कंप्रता ऐकणारा संच मोटारीत बाळगण्यास परवाना लागतो. परवानाधारक हौशी रेडिओचालकांना त्यातून सूट आहे.

अलीकडे तेथे वेगळाच वाद उभा राहिला आहे. शिकागोच्या पोलिसांनी २०२२ च्या सुमारास आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांनी २०२३ पासून आपल्या वाहिन्या सांकेतिक करण्यास आरंभ केला. पीडितांची खासगी माहिती आणि कर्मचाऱ्यांची सुरक्षितता ही कारणे पोलीस देतात. वृत्तपत्रे व नागरिकांचे म्हणणे असे की, सार्वजनिक सेवेवर लोकांची नजर राहण्याचे एक साधन यामुळे नष्ट होते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. लोकशाहीत गुप्तता आणि पारदर्शकता यांची सीमारेषा कोठे आखावी, हा या वादातील खरा प्रश्न आहे.

भारतातील स्थिती

भारताचा मार्ग प्रारंभापासून वेगळा राहिला. घरातील आकाशवाणीचा संच ऐकण्यासाठीही टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना-पुस्तिकेचे नूतनीकरण करावे लागे, हे जुन्या पिढीस आठवत असेल. १९८० च्या दशकात तो परवाना रद्द झाला. परंतु दुहेरी बिनतारी संचाची गोष्ट निराळी. १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी या क्षेत्राची चौकट घातली. १९३३ च्या अधिनियमाने परवान्याविना संच नुसता जवळ बाळगणे हाच अपराध ठरविला. अमेरिकेत संच कोणीही विकत घ्यावा आणि बोलण्यासाठी परवाना काढावा. भारतात बाळगण्यापासूनच अधिकाराचा प्रश्न सुरू होतो. परदेशातून येताना हौसेने असा संच आणणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावयास हवा.

या दोन्ही जुन्या अधिनियमांची जागा घेण्यासाठी संसदेने दूरसंचार अधिनियम, २०२३ संमत केला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्यास २०२४ पासून प्रारंभ झाला. संदेश बेकायदेशीरपणे मध्येच पकडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद या अधिनियमात आहे. पोलिसांच्या किंवा अन्य सेवेच्या यंत्रणेवर कान लावणे हा भारतात निरुपद्रवी छंद समजता येणार नाही.

सामान्य नागरिकास काहीच वाव नाही, असे मात्र नाही. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या चिंचोळ्या पट्टीतील कमी शक्तीच्या संचांना विहित अटींवर परवान्यातून सूट दिली. बाजारात स्वस्तात मिळणारे अनेक संच या पट्टीपुरते मर्यादित नसतात. पोलिसांच्या वा अन्य सेवांच्या कंप्रताही त्यांवर सहज लावता येतात. त्यामुळे ‘परवान्याची गरज नाही’ या जाहिरातीवर विसंबणे धोक्याचे असते. संगणकीय बाजारपेठांतील अशा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक सूचना जारी केल्या. संचाच्या कंप्रता आणि त्याची शासकीय प्रकार-मान्यता ग्राहकास स्पष्ट कळावी, यावर त्यांत भर आहे.

ज्यांना या शास्त्राची खरी गोडी आहे त्यांच्यासाठी हौशी रेडिओसेवेचे दार उघडे आहे. १९७८ साली या सेवेसाठी स्वतंत्र नियम झाले. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास परवाना आणि ‘व्हीयू’ अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे संकेतनाम मिळते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबार बेटांचे दळणवळण तोडले, तेव्हा हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथे गेलेल्या दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटांवरील लोकांची खबरबात मुख्य भूमीपर्यंत पोहोचविली. परवाना, सराव आणि ठरलेली कंप्रता ही तीनही त्यांच्यापाशी आधीच होती, म्हणूनच हे काम त्याच दिवशी सुरू होऊ शकले.

गावपातळीवर काय करता येईल?

महाराष्ट्रास या विषयाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा दूरध्वनी सेवा कोलमडली. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण परिसराचा संपर्क तुटला. मोबाईलचा मनोरा वीज गेल्यानंतर काही तासांत मुका होतो, हा अनुभव कोकणातील अनेक गावांनी घेतला आहे.

अशा वेळी एखाद्या ग्रामपंचायतीच्या आपत्ती व्यवस्थापन समितीस चार संच विकत घ्यावेसे वाटणे स्वाभाविक आहे. हेतू उत्तम असला तरी पुढील गोष्टी आधी पाहाव्यात. संच कोणत्या कंप्रतांवर चालतो आणि त्यास प्रकार-मान्यता आहे काय, याची लेखी माहिती विक्रेत्याकडून घ्यावी. सूट असलेल्या पट्टीबाहेरचा संच हवा असेल तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा सल्ला घेऊन रीतसर परवानगी मिळवावी. ‘अडीअडचणीला असू द्या’ म्हणून पोलिसांची किंवा धरणावरील यंत्रणेची कंप्रता संचात भरून ठेवू नये. ऐन पुरात चुकून दाबलेली एक कळ धरणावरून येणारा विसर्गाचा इशारा दाबून टाकू शकते. जवळपास परवानाधारक हौशी रेडिओचालक असल्यास त्यांचा परिचय आधीच करून घ्यावा. पावसाळ्यापूर्वी एकदा तरी सराव करावा. त्या वेळी कोणी कोणाशी, कोणत्या वाहिनीवर, कोणत्या शब्दांत बोलावयाचे ते कागदावर लिहून ठेवावे.

शिक्षकांनाही येथे मोठे काम आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत लहरी व कंप्रता शिकविताना, हवा ही सर्वांची सामाईक वाट आहे आणि तीवर पाळीने चालावयाचे असते, हा नागरिकशास्त्राचा धडाही विद्यार्थ्यांना सहज देता येईल.

वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क येथील प्रसंगांचा बोध एकच आहे. माणसे संकटात परस्परांना मुकली ती संच नव्हते म्हणून नव्हे, तर एकत्र कसे बोलावे हे आधी ठरलेले नव्हते म्हणून. बहुपट्टी संच अनेक वाटा उघडतो. कोणत्या वाटेने कोणी जावयाचे हे तो ठरवीत नाही. ते पुराचे पाणी चढण्यापूर्वी, गावच्या समितीने आणि जिल्ह्याच्या यंत्रणेने एकत्र बसून ठरवावयाचे असते.